लेन्सची टिकली

"डोळं मिटू नका, मावशी."

"म्या कुठं मिटतीय? त्येच मिटत्यात."

अरफातनं कॅमेरा खाली घेतला आणि पुन्हा वर केला. स्टुलावर दगडाबाई परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पदर कपाळापर्यंत. सोनारीहून ती सकाळच्या एसटीनं परंड्याला आली होती, आणि फोटो कशासाठी हवा हे तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं होतं. आपण गेल्यावर भिंतीला लावायला.

"पोरं मागनं मोबाइलातला कसला बी लावत्यात," ती म्हणाली. "आमच्या जावंचा लावलाय, पंगतीत जेवताना काढलेला. गालात घास हाय. वरीस झालं, बाईला त्यो घास गिळाया जमंना."

अरफात हसला, तीही हसली, आणि त्या हसण्यातच त्यानं बटण दाबून घेतलं. कॅमेऱ्यानं स्वतःच डोळा शोधला, टुक् केलं, फोटो निघाला. हल्ली त्याच्या वाट्याला एवढंच काम उरलं होतं. माणसाला हसवायचं, बाकीचं कॅमेरा बघून घेतो.

फोटो छापून होईपर्यंत दगडाबाई बाकावर बसून भिंती न्याहाळू लागली. दादामियाँ फोटो स्टुडिओच्या भिंतींवर निम्मा तालुका टांगलेला होता. मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, गदा घेतलेले पहिलवान, जावळाची पोरं, एक सरपंच आणि त्याला पाडून आलेला दुसरा सरपंच, दोघं शेजारी शेजारी. दादामियाँ म्हणजे अरफातचे वडील. ते जाऊन वीसेक वर्षं झाली तरी पाटी त्यांच्याच नावाची होती, आणि पोरगा साठीला टेकला तरी बाजारात लोक त्याला 'फोटोवाल्या दादामियाँचं पोरगं' असंच म्हणत.

"तुझ्या मालकिणीचा न्हाय व्हय रं ह्यात?" दगडाबाईनं विचारलं.

"आमच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटू लावत न्हाईत, मावशी."

"मंग आठवण कशी ऱ्हाती?"

"ऱ्हाती. घालवली तरी जात न्हाय."

दगडाबाईला ते पटलं असावं. तिनं कनवटीची चंची सोडली, तंबाखूची चिमूट काढली, आणि बराच वेळ पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढावी तसं म्हणाली, "एक इचारू का? आमच्या थोरल्याच्या लग्नाचं फोटू तूच काढलंतं. त्या निगेटीच्या फितीत पार शेवटाला एक बाई हाय. दारात उभी, हातात डबा. आमी लई डोकं खाजवलं. आमचं मालक म्हणायचं नवरीकडली आसंल, नवरीकडलं म्हणायचं तुमच्यातलीच. कोण रं ती?"

प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर येत होता. तो पूर्ण आला तरी अरफातनं उचलला नाही.

"ती निखत," तो म्हणाला. "माझी बायको."

"आगं बया. आन् ती आमच्या लग्नात कवा आलती?"

"लग्नात न्हाय आली, मावशी. ती रोल संपवाया आलती." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "ती फीत हाय का अजून?"

"पत्र्याच्या पेटीत आसंल, न्हायतर उंदरानं खाल्ली आसंल. बघती, घावली तर आणती." आपला फोटो हातात घेऊन दगडाबाईनं तो लांब धरला, जवळ धरला, आणि कुणा परक्या बाईचं कौतुक करावं तशी म्हणाली, "बरी हाय की म्हातारी." मग तो पदराखाली घेऊन ती स्टँडकडे चालू लागली.

रोल संपवण्याची ती भानगड आताच्या पोरांना सांगूनही कळत नाही. छत्तीस फोटोंचा रोल लग्नात कधी म्हणून बरोबर संपत नसे. वरात जायची, मांडव उतरायचा आणि कॅमेऱ्यात एक-दोन फोटो उरलेले असायचे. ते संपल्याशिवाय रोल काढायचा म्हणजे अरफातच्या जिवावर यायचं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तो काउंटरमागच्या खुर्चीत कॅमेरा घेऊन बसायचा आणि निखत डबा घेऊन यायची. घर मागच्याच बोळात होतं. दुकानात गिऱ्हाईक असलं की ती आत पाऊल टाकत नसे. उंबऱ्यात उभी राहून, डावा हात चौकटीला धरून, अशी पुढं झुकून आत डोकवायची. गर्दी आहे की गेली, एवढंच बघायला. रोलची शेवटची फ्रेम त्या डोकावण्याची असायची.

आणि तेव्हा अल्बमबरोबर निगेटिव्हही गिऱ्हाइकाला देऊन टाकायची रीत होती. रोल ज्याचा, फीत त्याची. त्यामुळे निखत सोनारीला गेली, भूमला गेली, वाड्यावस्त्यांवर गेली. लोकांच्या ट्रंकांमध्ये, हळदीच्या आणि सप्तपदीच्या शेजारी, कुणाच्याच नात्यातली नसलेली ही बाई डबा धरून उभी राहिली. तेव्हा दोघांना याची गंमत वाटायची. "सारे तालुकेमें मेरा मायका है," असं निखत म्हणायची. तिच्या हयातीत अरफातनं त्यातल्या चार-दोनच फोटोंच्या प्रती काढून ठेवल्या. बायको रोज समोर असताना तिचे फोटो कोण जपून ठेवतो?

ते फोटो तो ज्या लेन्सनं काढायचा ती त्यानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सोलापुरातल्या एका पेपरच्या फोटोग्राफरकडून घेतली होती. सगळी लोखंड-पितळेची, हातात घेतली की वजन कळणारी, आणि तोंड एवढं मोठं की दाराच्या उजेडावर फ्लॅशशिवाय काम व्हायचं. पण ती आपणहून काही करत नसे. तिची कडी हातानं फिरवायची आणि समोरचं माणूस स्वच्छ दिसेपर्यंत फिरवत राहायची. त्यातही स्वच्छ दिसायची ती चार बोटं जाडीची जागा. डोळे लख्ख आले की कान धूसर. दादामियाँ याला कधी फोकस म्हणाले नाहीत. ते 'नजर' म्हणत. नजर बसली, नजर हलली, नजर चुकली. अरफातनंही तोच शब्द उचलला.

नजर बसवायला वेळ लागायचा आणि निखतकडं वेळ नसायचा. "बैठी क्या नजर?" ती दारातून विचारायची. "थांब," अरफात म्हणायचा. "रोटी ठंडी हो रही." "थांब गं." असं वर्षभर चाललं. मग एक दिवस ती वैतागली. "बैठी," असं तो म्हणाल्याबरोबर तिनं कडी हलवू नका म्हणून बजावलं, तरातरा आत आली, पिशवीतून नखपॉलिशची बाटली काढली आणि कडीवर, लेन्सच्या अंगावरच्या न फिरणाऱ्या रेघेच्या बरोब्बर समोर, एक डाळिंबी ठिपका ठेवून दिला.

"मेरेकू तो टिकली लगानेकी नै," ती म्हणाली. "तुमारे लेन्सकू लगाती. अब इसकू रेघपे लाने का, मैं इधर खडी रहती. हो गया."

बाटली तिच्या पिशवीत होती हेही नवलच. नखपॉलिश लावलं की नमाजाआधी हात-तोंड धुतात त्या वजूचं पाणी नखाला लागत नाही, नमाज होत नाही. म्हणून महिन्यातल्या ज्या चार दिवसांत नमाज माफ असते त्या दिवसांतच तिची ती हौस चालायची. एक बाटली तिला वर्षानुवर्षं पुरायची.

त्या दिवसापासून नजर बसवायला वेळ लागेनासा झाला. टिकली रेघेवर आली की उंबऱ्यातली निखत लख्ख. तरी तिनं विचारायचं सोडलं नाही. "बैठी क्या?" आणि तो "बैठी" म्हणाल्याशिवाय बटण दाबत नसे. दोघांचा तो बिस्मिल्लाच होता म्हणा ना.

मग डिजिटल आलं आणि रोल संपायचा थांबला. कार्डात हजार फोटो मावायचे. त्याला शेवटची फ्रेम अशी नव्हतीच. जुना कॅमेरा मोडीत गेला, लेन्स कपाटात गेली. निखत त्यानंतरही रोज डबा घेऊन आली, उंबऱ्यातून झुकून डोकावली. एकदा तिनं हसत विचारलं होतं, "अब मेरी बारी नै आती क्या?" "कार्डच संपत न्हाय बघ," असं तो म्हणाला होता आणि दोघं हसली होती. एका रमजानच्या तोंडावर ती दोन दिवसांच्या तापात गेली. चाळिसावा झाल्यावर अरफातनं काँप्युटर उघडून शोध शोध शोधलं. हजारो लग्नं निघाली. दारातली निखत एकदाही निघाली नाही.

तेव्हापासून तो ती लेन्स अधूनमधून कपाटातून काढायचा. आतलं वंगण वाळून कडी जाम झाली होती, पण टिकली होती तशी होती. तिच्यावर अंगठा ठेवून तो बसायचा. लेक यास्मिन सोलापुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. ईदला आली तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, आता बिनआरशाचे कॅमेरे आलेत. एक कडं बसवलं की कसली पण जुनी लेन्स चालती त्याला." त्या दिवसापासून अरफातच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. खुर्चीत बसायचं, टिकली रेघेवर आणायची आणि एकदा दाराकडं बघायचं. तिथं कुणी नसणार हे त्याला कळत होतं. तरी त्याला बघायचं होतं. जाम कडी सोलापुरातल्या सिद्धाराम मेकॅनिककडून मोकळी करून आणायला त्यानं लेन्स निखतच्या जुन्या ओढणीत गुंडाळून लेकीच्या हातात दिली आणि "जपून," एवढंच म्हणाला. टिकलीबद्दल बोलला नाही. लेकीला सांगायचं तरी काय?

दगडाबाई गेली त्याच दिवशी यास्मिन दुपारच्या गाडीनं कुर्डुवाडीवरून आली. पायातल्या चपला काढायच्या आधी ती म्हणाली, "अब्बा, डोळे मिटा."

"सकाळधरनं मी दुसऱ्यांला उघडा म्हणतोय, आन् तू मिटा म्हणतीस."

बाप-लेक एक वाक्य दखनीत सुरू करत आणि मराठीत संपवत. दोघांनाही ते कधी जाणवत नसे. अरफातनं डोळे मिटले, उघडले, आणि काउंटरवर कॅमेरा होता. वापरलेला, पण नीटनेटका. त्याच्या रोजच्या कॅमेऱ्याच्या निम्म्यानं.

"एवढासा?"

"आतला आरसाच काढलाय ना. म्हणून मधे जागा उरती, जुन्या लेन्सला." तिनं पिशवीतून ओढणीचं गाठोडं काढलं. "आणि ही घ्या. सिद्धाराम मामांनी पार नवी करून दिलीय."

अरफातनं गाठोडं सोडलं. लेन्स चकाकत होती. कडीला बोट लावलं तर ती लोण्यासारखी फिरली आणि त्याच्या तोंडून "वा" निघून गेलं. त्यानं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग परत फिरवली. मग चष्मा लावला आणि दाराच्या उजेडात धरून तिसऱ्यांदा फिरवली. आकडे होते, रेघ होती. टिकली नव्हती.

"काच एक नंबर म्हणाले," यास्मिन उत्साहानं सांगत होती. "बुरशी नाही, ओरखडा नाही. फक्त कुणीतरी कच्च्या मेकॅनिकनं वर नखपॉलिश सांडलं होतं म्हणे, ते पण थिनरनं साफ करून टाकलं. म्हणाले, असली कामं बघितली की राग येतो."

आता यात सिद्धारामला तरी काय बोल लावायचा. कॅमेऱ्याच्या मेकॅनिकपाशी नखपॉलिशची बाटली असतेच. बारीक स्क्रू आवळला की तो सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यावर एक थेंब ठेवतात. दुसऱ्या कुणी तो ठिपका पाहिला असता तर हे काय म्हणून विचारलं असतं. सिद्धारामचा सगळा जन्म लेन्सा उघडण्यात गेला होता, त्यामुळे त्याला विचारायची गरज वाटली नाही. कुणा हलगर्ज्याच्या हातून थेंब ओघळला, इतकंच त्यानं पाहिलं आणि धंद्याची अब्रू राखली.

"चांगलं केलं," अरफात म्हणाला.

"आवडलं नाही का तुमाला?"

"लई आवडलं, बेटा."

त्यानं ते इतक्या सरळ आवाजात म्हटलं की यास्मिन आणखीच बारकाईनं त्याच्याकडं बघायला लागली. मग तिनं विषय बदलावा म्हणून कडं लावलं, लेन्स कॅमेऱ्यावर बसवली आणि त्याच्या हातात दिली. अरफातनं बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर अक्षरं आली.

"काय म्हणतोय?"

"लेन्स नाही म्हणतोय."

"आं? ही एवढी पायलीएवढी लेन्स समोर हाय की."

"त्याला नव्या लेन्सा कळतात, अब्बा. त्यांच्यात वीज असती, त्या सांगतात आम्ही आहोत म्हणून. ही बोलत नाही, म्हणून त्याला वाटतं कुणी नाहीच." तिनं बटणं चाळली. "हे बघा, इथं विचारलंय. लेन्स नसली तरी फोटो काढू द्यायचा का? हो म्हणायचं."

"हो म्हण," अरफात म्हणाला, आणि खुर्चीत टेकला.

तिनं अजून एक गोष्ट दाखवली. आता कडी फिरवली की जिथं नजर बसेल तिथल्या कडा लाल होत होत्या. बाकाची कड, स्टुलाचा पाय, भिंतीवरच्या पहिलवानाची गदा, एकेकावर बारीक लाल रेघ चढायची आणि उतरायची, कुणी नखपॉलिशचा कुंचला फिरवत असल्यासारखी. जुन्या कॅमेऱ्यात या वयात, या चष्म्यातून त्याला नजर बसवता आली नसती. यात सहज बसत होती. गदेवर बसली, सरपंचाच्या मिशीवर बसली. फक्त जिथं त्याला बसवायची होती ती जागा कडीवरून पुसली गेली होती. ठिपका कुठल्या आकड्यापाशी होता हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. टिकली असताना आकडे कोण बघतो?

ऊन कलल्यावर असरची अजान झाली. "येतो," म्हणून तो उठला आणि मशिदीकडं गेला. वजूला बसल्यावर आपल्याच नखांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडं तो बघत राहिला, आणि शेजारच्यानं खाकरून त्याला भानावर आणलं.

परत आला तेव्हा यास्मिन काउंटरमागं उभी होती. लेन्स पुसायचं फडकं शोधायला तिनं खण उघडला होता. तिच्या तळहातावर एक छोटी बाटली होती. झाकण पिवळं पडलेलं, आत डाळिंबी रंग. निखत गेल्यावर अरफातनंच ती खणात ठेवली होती.

"अब्बा, हे अम्मीचं ना?"

अरफातनं मान हलवली.

"सिद्धाराम मामांनी जे पुसलं ते हेच का?"

"ठेव ते जागेवर."

"अब्बा."

मग त्यानं सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. निखत उंबऱ्यात उभी राहायची, टिकली रेघेवर आणली की नजर बसायची. यास्मिन ऐकता ऐकता बाकावर बसली. डबा घेऊन येणारी अम्मी तिनं शेकडो वेळा पाहिली होती. टिकलीचं तिला ठाऊक नव्हतं. रोल संपवायच्या त्या दुपारी ती शाळेत असायची.

"मला एक शब्द सांगायचा होता," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका निघाला आणि डोळे भरले. "एक शब्द, अब्बा. मी त्यांना हात लावू दिला नसता."

"काय सांगू? लेन्सवर तुझ्या अम्मीची टिकली हाय, जपा म्हणू? साठीच्या माणसानं?"

"हो. म्हणायचं."

"चुकलं," अरफात म्हणाला. लेकीसमोर हा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच आला असेल. "तुजं न्हाय, त्यांचं बी न्हाय. माझंच तोंड वेळेवर उघडत न्हाय."

मग यास्मिननं बाटलीचं झाकण पिळलं. ते हलेना. ओढणीच्या टोकात धरून तिनं जोर लावला तेव्हा सुटलं. आतला रंग काकवीसारखा घट्ट झाला होता, कुंचल्याबरोबर त्याची तार निघत होती. पण निघत होती.

"अम्मी कुठं उभी राहायची?"

"उंबऱ्यात. डावा हात चौकटीला."

"मी उभी राहते. तुमी नजर बसवा आणि कडी हलवू नका. मी येऊन टिकली लावते. तीच जागा, तीच बाटली. अजून काय पाहिजे?"

ती दारात गेली. डोक्यावर ओढणी घेतली, डावा हात चौकटीला धरला. अरफात खुर्चीत बसला. खुर्ची तीच होती, आणि ती इतकी वर्षं त्याच फरशीवर होती की पायांखाली खळगे पडले होते. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि कडी फिरवली. यास्मिनच्या पापण्यांवर लाल रेघ आली. लख्ख. आईचं नाक होतं तिला, हे त्याला नव्यानं दिसलं.

"बसली?" यास्मिननं विचारलं.

"बसली."

"मग लावू?"

"थांब."

बोटाला ते पटत नव्हतं. डोळा म्हणत होता झालं, आणि बोट म्हणत होतं अजून नाही. अरफात नेहमी लांबून जवळ यायचा. कडी पार टोकाला न्यायची आणि मग अंगठ्यानं ओढत आणायची. इतक्या वर्षांत अंगठ्याला कुठं थांबायचं ते कळलं होतं, टिकली दिसायच्या आधीच तो थांबायचा. आता वंगण नवीन होतं, कडी हलकी होती, पहिल्यांदा अंगठा घसरून पुढं गेला. त्यानं कडी पुन्हा टोकाला नेली. डोळे मिटले. ओढली. अंगठा थांबला.

डोळे उघडले तर यास्मिन धूसर झालेली. लाल रेघ तिच्यावर कुठंच नव्हती. आपला हात चुकला असं वाटून त्यानं तिसऱ्यांदा तसंच केलं, आणि अंगठा पुन्हा तिथंच थांबला. यास्मिन दारात होती आणि नजर तिच्या वीतभर अलीकडं बसत होती.

मग त्याच्या ध्यानात आलं. यास्मिन सरळ उभी होती. फोटोसाठी उभं राहणारं माणूस उभं राहतं तशी. निखत फोटोसाठी कधी उभीच राहिली नव्हती. ती पुढं झुकायची. दुकान रिकामं झालं का, आपला माणूस मोकळा झाला का, ते बघायला उंबऱ्याच्या वीतभर आत यायची. तिचा चेहरा तिथं असायचा. टिकली त्या जागेची होती.

त्यानं पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. पश्चिमेचं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं. चौकटीच्या अलीकडं त्या उन्हात धूळ तरंगत होती, आणि तिचा एकेक कण लाल होऊन विझत होता. तेवढीच जागा लख्ख होती. तिच्यात कुणी नव्हतं. निखत, अरफात मनात म्हणाला. ती असावी असं त्याला वाटलं. दुसरं काहीही नको, डब्यात काय आहे ते नको, फोटो नको, ती फक्त एकदा झुकून बघत असावी.

"आले का मी, अब्बा?" यास्मिननं दारातून विचारलं.

"तू जरा मागं हायेस."

"मग पुढं येऊ?"

ती अर्धं पाऊल उचलायला लागली होती.

"नको," अरफात म्हणाला. "तिथंच ऱ्हा. तेवढी जागा ऱ्हाऊ दे."

यास्मिन जिथल्या तिथं थांबली. समोरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, धूळ थोडी वर उठली आणि पुन्हा खाली बसायला लागली. अरफातनं अंगठा कडीवर तसाच दाबून धरला. उजवं बोट बटणावर नेलं आणि सवयीनं थांबला. दारातून कुणी विचारण्याची तो वाट बघत होता. कुणी विचारलं नाही.

"बैठी," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.

दारात यास्मिन चौकट धरून उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात ती उघडी बाटली होती.